कोपराखालची पांढरी रेघ

आमच्या बेटावर साफोतूच्या आलापातीने एकोणीस वर्षं गावची बस चालवली. लाकडी बांध्याची निळी बस, खिडक्यांना काचा नाहीत, टपावर तारोच्या कंदांच्या पाट्या. पहाटे गावातून निघायची, सालेलोलोंगाला बोटीच्या धक्क्यावर जायची आणि दुपार कलताना परत यायची. कुठल्या वळणावर डुकरं आडवी येतात, कुठल्या दारातून म्हातारी हात दाखवते, हे त्याला बघावं लागत नसे. हात आपोआप वळत, पाय आपोआप दाबला जाई. आलापाती झोपला तरी बस घरी येते, अशी गावात त्याची चेष्टा होई. त्या वर्षी सप्टेंबरात सरकारने गाड्या चालवायची बाजू उजवीची डावी केली आणि ही चेष्टा एकदम बंद झाली.

तोवर आम्ही सगळे उजवीकडून गाड्या हाकत होतो. सरकारचं म्हणणं साधं होतं. ऑकलंडला नाहीतर सिडनीला प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आहे. तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्त मिळतात, पण त्या डावीकडून चालायला बनवलेल्या. आपण बाजू बदलली की भाऊबहिणी गाड्या पाठवतील आणि ज्यांच्या दारात कधी गाडी आली नाही त्यांच्याही दारात येईल. हिशेब बरोबर होता. तरी आदल्या रविवारी पाद्रीबाबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि लगेच रस्त्यासाठी केली, तेव्हा देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही.

बदलाच्या दिवशी सुट्टी होती. दारूची दुकानं बंद होती आणि वेगाची मर्यादा खाली आणली होती. लोक रस्त्याच्या कडेला चटया टाकून बसले होते. गाड्या अंत्ययात्रेसारख्या चालत होत्या. आमच्या बाजूला कोणाला खरचटलंही नाही. घरी जाताना लोक हसत होते. आलापाती हसत नव्हता. पहिल्या दिवशी सगळे जागे असतात, हे त्याला कळत होतं. त्याला धास्ती होती ती विसाव्या दिवसाची.

बस बंद झाली होती. तिचं दार उजव्या अंगाला, त्यामुळे डावीकडून चालवली तर उतारू भर रस्त्यात उतरणार. नवं दार कापायला पैसे लागतात म्हणून मालकाने ती नीरफणसाखाली उभी करून ठेवली. आठवडाभरात तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. आलापाती दुपारी तिथे जाऊन चालकाच्या जागेवर बसे आणि उभ्या बसचं स्टिअरिंगचं चाक फिरवे. मनात साफोतू ते सालेलोलोंगा रस्ता धरी आणि डावीकडे राहायचा प्रयत्न करी. लाव्हाच्या काळ्या माळापर्यंत जमे. पुढे कुठेतरी मन दुसरीकडे जाई आणि भानावर येई तेव्हा तो मनातल्या रस्त्यावर उजवीकडे असे. कितीदा केलं तरी तेच.

ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. ज्याच्या मागे बसून अख्खं गाव एकोणीस वर्षं डुलक्या घेत गेलं, त्याने मला भीती वाटते म्हणायचं कसं?

आणि गाडी तर घ्यावीच लागणार होती. त्याच्या बायकोला, लोसाला, आठवा महिना लागला होता. घरात यांची चार मुलं आणि आलापातीच्या वारलेल्या बहिणीची दोन. आता सातवं. चौथ्याच्या वेळी लोसाचं रक्त थांबेना. आलापातीने रिकामी बस काढली आणि भोंगा दाबून धरून तिला तुआसिवीच्या इस्पितळात नेलं. ती वाचली. परिचारिकेने निघताना सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला पहिली कळ आली की निघायचं. घरी वाट बघत बसलात तर पुढचं मला विचारू नका." आधीपासून तुआसिवीला जाऊन राहावं तर तिथे कोणी नातलग नाही, आणि सहा मुलांना टाकून जायला लोसा तयार नव्हती. बस नाही, गावात दुसरी भरवशाची गाडी नाही. जी काही गाडी यायची ती या महिन्यात यायला हवी होती, आणि ती चालवायला आलापातीशिवाय कोणी नव्हतं.

गाड्या दोन होत्या. एक लोसाच्या भावाने, पेनीने हेरलेली. सालेलोलोंगाच्या एका माणसाची लाल पिकअप, जुन्या पद्धतीची, डाव्या बाजूला चाक असलेली. तशा गाड्या चालवायला बंदी नव्हती, पण बाजू बदलल्यापासून त्यांना कोणी विचारेना, म्हणून स्वस्त. दुसरी ऑकलंडहून आलेली पांढरी जपानी गाडी, आठ जणांची, तीन रांगांची, उजव्या बाजूला चाक. आलापातीची थोरली बहीण मारेता ऑकलंडला होती. तिच्या देवळातल्या एकाने अशा चार गाड्या बोटीवर चढवून धक्क्याजवळच्या आवारात आणून ठेवल्या होत्या. अर्धे पैसे मारेता देणार होती. तिला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं.

गुरुवारी जेवताना पेनीने विषय काढला.

"दाजी, डोकं लावा जरा. पिकअप म्हणजे कसं, पुढे तीन, मागे पंधरा. तारो टाका, डुकरं टाका, मुलं टाका."

"मुलं आणि डुकरं एकत्र?" लोसा म्हणाली.

"तुझी पोरं कोणती आणि डुकरं कोणती, ओळखू येतं का लांबून?"

आलापातीची सासू सिएनी वारा घालत बसली होती. तिने पंखा थांबवला. "त्या पांढऱ्या डब्यात मयताला आहेर म्हणून न्यायच्या चटया कशा जाणार? माझ्या भावाचं उद्या काही झालं तर अख्खं डुक्कर काय मांडीवर घेऊन जायचं? कुटुंब म्हणजे काय तुम्ही दोघं आणि पोरंच का रे?"

"नाही, आई," आलापाती म्हणाला.

"मग पिकअप."

"आणि चाक ओळखीच्या बाजूला," पेनी म्हणाला. "दाजींना शिकायला काही नको. बसले की निघाले."

आलापातीने माशाचा काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. त्यालाही नेमकं तेच हवं होतं, बसलं की निघायचं. उद्या दोन्ही बघून येऊ, एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी ते सालेलोलोंगाला गेले आणि पिकअप घेऊन रस्त्यावर निघाले. आलापाती चाकावर, पेनी शेजारी. पहिल्या मैलात आलापातीच्या खांद्यांतला ताण उतरला. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. उजवा हात आपसूक गिअरवर पडला. पेनी शीळ घालत होता.

मग पुढे नारळांचा ट्रक आला. तो रखडत चालला होता, मागे काळा धूर. आलापातीने मान लांब केली. त्याला ट्रकचं मागचं फळकूट दिसलं, चिखल उडवणारं चाक दिसलं, डाव्या हाताला गवत दिसलं. समोरून काय येतंय ते दिसत नव्हतं. रस्ता डावीकडचा, आणि हा बसलेला पार गटाराच्या काठाला. रस्त्याचा मध्य पेनीच्या बाजूला गेला होता.

"पेनी, बघ रे. मोकळा आहे?"

"मोकळा. घाला."

त्याने घातली. अर्धी गाडी बाहेर आली आणि समोरून मासळीचा टेम्पो आला, इतका जवळ की चालवणाऱ्याचा उघडा जबडा दिसला. आलापातीने गाडी परत ट्रकच्या मागे कोंबली. टेम्पोच्या आरशाने पिकअपचा आरसा फटकन मिटवला. एवढंच झालं.

ट्रकच्या धुरामागे ते तसेच रखडत गेले.

"मोकळा म्हणालास तू," आलापाती म्हणाला.

"मला वाटलं तो वळतोय. आणि मला वाटलं तुम्हीपण बघताय की."

"मला कुठून दिसणार?"

पेनीने खिडकीतून हात काढून आरसा सरळ केला. "आईला सांगू नका," तो म्हणाला.

पांढऱ्या गाडीत आलापाती बसला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. इथे सगळंच उलटं. वळायचा दिवा लावायला दांडी ओढली तर काच पुसणारे दांडे सुरू झाले, कोरड्या काचेवर करकर करत. पेनीला हसू आवरेना. "पाऊस आला, पाऊस आला," तो ओरडत होता. पुन्हा वळण, पुन्हा करकर. गिअर आपोआप बदलणारा, डाव्या पायाला काम नाही, आणि तो पाय सारखा नसलेलं पेडल शोधत होता. आलापातीला पहिल्यांदा बस शिकताना वाटली होती तशी भीती वाटत होती. चालायला शिकणाऱ्या मुलाने आधार धरावा तसं त्याने चाक दोन्ही हातांनी धरलं होतं.

पण एका गोष्टीकडे त्याचं लक्ष गेलं. उजवा कोपर खिडकीवर टेकला होता आणि त्या कोपराखालून रस्त्याची पांढरी रेघ धावत होती. बसमध्येही रेघ त्याच्या कोपराखालीच असायची. तो कोपर डावा होता, हा उजवा, एवढाच फरक. समोरचं सगळं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. मागचं सरकतं दार गवताच्या बाजूला उघडत होतं, म्हणजे मुलं रस्त्यात उतरणार नव्हती.

संध्याकाळी लोसा कोको ढवळत होती. घरात दोघंच होती.

"कुठल्या गाडीत जास्त भीती वाटली?" तिने विचारलं.

"भीती कोण म्हणालं?"

"तू रात्री पाय मारतोस. कालच्याला माझ्या नडगीवर ब्रेक दाबलास."

आलापातीने पाय जवळ घेतले. मग म्हणाला, "पांढरीत. त्या लालमध्ये बसल्यावर काहीच वाटलं नाही. अगदी घरच्यासारखं."

"आणि?"

"आणि घरच्यासारखं वाटलं की मी उजवीकडे जाईन, लोसा. आज नाही, उद्या नाही. एखाद्या दिवशी जाईन."

तिने कोकोचं भांडं खाली उतरवलं. "मग पांढरीच घे. आईला मी सांगते. दाराचं कारण सांगू."

सिएनीला दाराचं कारण पटलं नाही. तिने दोन दिवस जावयाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, देवळात जायला ती सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या जागेवर बसली, डावीकडे, आणि गाडी निघाल्यापासून तिची तक्रार सुरू झाली.

"झाडांना घासून चालवतोस. ही बघ जास्वंद, तोंडावर आली माझ्या. सगळा रस्ता तिकडे मोकळा पडलाय आणि मला गटारात घालतोस."

"इकडूनच जायचं असतं आता, आई."

"सरकारला सांग, म्हातारीचा डोळा फुटला तर भरून दे म्हणावं."

सगळ्या गावाने ते ऐकलं, कारण खिडक्या उघड्या होत्या. यापुढे ही गाडी कुठेही गेली की पुढे डावीकडे सिएनी आणि फांद्यांवरून तिच्या शिव्या, हे ठरून गेलं.

गाडी आली खरी, पण दारात ती फारशी उभी राहिलीच नाही. आमच्याकडे नातलगाने गाडी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. लोसाला पहिली कळ आली त्या दुपारी गाडी पेनीकडे होती, तो शेजारच्या गावात मयताच्या चटया पोचवायला गेला होता. आलापाती रस्त्यावर येऊन उभा राहिला. तुआसिवीहून कोणी गाडी पाठवेल का म्हणून कोणीतरी दुकानातून फोन लावला, तो लागला नाही. आलापाती आत जाई, लोसाच्या पायांकडे बघे आणि पुन्हा बाहेर येई. तिच्या खालच्या चटईवर अजून काही दिसत नव्हतं. दर वेळी तो आधी तेच बघत होता.

पेनी आला तेव्हा ऊन नारळांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

"दाजी, मला काय माहीत..."

"उतर."

पेनी मुलांजवळ थांबला. लोसाला मधल्या रांगेत आडवं केलं. सिएनी पुढे बसली. गाडी निघाली.

लेलेपा गाव गेलं. लाव्हाचा माळ आला. दोन्ही बाजूंना काळा खडक, ना घर ना दिवा. आकाशात थोडा उजेड होता, जमिनीवर नव्हता. आलापातीने कोपर खिडकीवर ठेवला होता आणि रेघ कोपराखाली धरून ठेवली होती. मागून लोसाचा श्वास ऐकू येई, मग थांबे, मग पुन्हा येई. थांबला की त्याचा पाय आपोआप जड होई.

"हळू," सिएनी म्हणाली. मग लेकीकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "हळू नको."

माळ संपला, झाडी सुरू झाली. "आली पुन्हा झाडं. अरे, केस धरून ओढतायत माझे." आलापातीला तो आवाज नकोसा झाला होता.

पुढच्या गावाच्या तोंडाशीच शंख वाजला. संध्याकाळची प्रार्थना, सा. घराघरांत लोक चटयांवर बसले. कमरेला लावालावाची लुंगी नेसलेले तरणे पुरुष काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. या गावात सा असताना मोटारही जाऊ देत नाहीत. उशीर झालेल्या कित्येक संध्याकाळी आलापातीची बस इथे थांबली होती, देवळासमोरच्या नीरफणसाखाली. हात वळले आणि गाडी नीरफणसाखाली जाऊन उभी राहिली.

एक पहारेकरी गाडीला वळसा घालून डाव्या खिडकीशी आला. "कुठे निघालात?"

"मला काय विचारतोस? चाक दिसतंय का माझ्या हातात?" सिएनी म्हणाली. "पलीकडे बघ. आणि मागे बघ."

त्याने मागे बघितलं. चेहरा उतरला. "प्रमुखांना विचारून येतो," म्हणून तो पळाला. घरांमधून स्तोत्र चालू होतं, बायकांचा आवाज वर, पुरुषांचा खाली. आलापातीने दिवे बंद केले होते, प्रार्थनेत दिवे चालत नाहीत. मागे लोसा म्हणाली, "ओलं लागतंय." तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. सिएनीने हात मागे नेऊन चाचपलं आणि हात पुसला. काय होतं ते सांगितलं नाही.

पहारेकरी धावत आला. "जा, जा, जा."

आलापातीने दिवे लावले आणि गाडी काढली. रस्ता रिकामा होता. प्रार्थना संपेपर्यंत कोणी गाडी काढत नाही, त्यामुळे ना पुढे कोणी ना मागे कोणी. आता फक्त पळवायचं होतं. गाव संपलं, समुद्राकडचं वळण आलं. आलापाती मागचा श्वास ऐकत होता.

सिएनीने पाठ टेकली. "आता कसं नीट चालवतोयस," ती म्हणाली. "आता माझ्या बाजूला एकही फांदी नाही."

हे वाक्य आलापातीच्या कानात शिरलं आणि काही क्षण त्याला फक्त बरं वाटलं, कारण सासूने त्याला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

मग एक ओलं पान त्याच्या कोपराला लागून गेलं.

एकोणीस वर्षांत त्याच्या कोपराला पान लागलं नव्हतं. त्याने खाली बघितलं. कोपराखाली रेघ नव्हती, गवत होतं. नीरफणस देवळासमोर होता, म्हणजे उजवीकडे. तो उजवीकडे थांबला होता, उजवीकडूनच निघाला होता आणि तेव्हापासून उजवीकडूनच चालला होता.

वळणाच्या पलीकडे झाडांचे बुंधे उजळले. उजेड वाढत होता.

त्याने चाक डावीकडे ओढलं. लोसा बाकावरून घसरून पुढच्या जागेच्या पाठीवर आदळली आणि ओरडली. सिएनीच्या खिडकीत अख्खी जास्वंद घुसली. दिवे काचेवर पांढरे झाले, भोंगा वाजला आणि ट्रक उजव्या अंगाने निघून गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. लाकडं भरलेला ट्रक होता, आलापातीला त्याची दोन चाकं तेवढी दिसली.

"मेल्या!" सिएनी तोंडातली पानं थुंकत म्हणाली. "आत्ता चांगलं म्हटलं तर लगेच गटारात!"

"हो, आई," आलापाती म्हणाला. "बोलत राहा."

"काय?"

"फांद्या लागतायत का ते सांगत राहा. तुआसिवी येईपर्यंत थांबू नका."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो कोपराखालच्या रेघेकडे बघत होता. ती काही समजली की नाही, सांगता येत नाही. पण तुआसिवीच्या फाटकापर्यंत तिने एकही झाड सोडलं नाही.

मुलगी झाली. लोसाचं रक्त या खेपेलाही थांबत नव्हतं, पण ती इस्पितळाच्या खाटेवर होती आणि बाटल्या टांगलेल्या होत्या. आलापाती बाहेरच्या बाकावर बसून होता. दार उघडलं की तो उठे, बंद झालं की बसे. शेवटी परिचारिका बाहेर आली. ही तीच मागच्या वेळची. तिने त्याला ओळखलं. "लवकर आणलंत म्हणायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोसाने विचारलं, "गाडी एकदम का वळवलीस काल?"

"डुक्कर आडवं आलं."

"त्या डुकराला दिवे होते."

त्याने बाळाचं दुपटं नीट केलं. तिने पुन्हा विचारलं नाही. बस मालकाने पुढे नवं दार कापून घेतलं, पण आलापाती बसवर परत गेला नाही. मालकाला त्याने कंबरेचं दुखणं सांगितलं. तो आता बागेत तारो लावतो आणि गाडी फक्त घरच्यांसाठी काढतो.

पुढे डावीकडे अजून सिएनीच बसते. दुसऱ्या कोणाला तो बसू देत नाही. जावई म्हातारीचा मान ठेवतो, असं गावात म्हणतात. तिचं वय झालंय, जेवण झालं की तिला गाडीत डुलकी लागते. ती गप्प झाली की आलापातीचा पाय वर येतो. गाडी हळू होत होत थांबते, मागे सात मुलं कलकलाट करतात, आणि तो तिच्या खांद्याला हात लावतो.

"आई, फांद्या लागतायत का?"

"लागतायत की!" ती डोळे न उघडता म्हणते. "कधी नाही लागत?"

मग तो कोपराखाली बघतो आणि गाडी पुढे काढतो.